तोंड कुणीकडं करू?

कपाशीचं बी उगवतं तेव्हा आधी मान वर येते. डोकं मागून येतं. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून पाहिली तर एक पांढुरका बाक दिसतो, वाकलेल्या सुईसारखा, आणि त्याची दोन्ही टोकं खालीच असतात. एक टोक मूळ होऊन निघून गेलेलं. दुसऱ्या टोकाला दोन पानं दुमडून अजून टरफलात अडकलेली. मग तो बाक हळूहळू सरळ होतो आणि मान आपलं डोकं अंधारातून ओढून बाहेर काढते. कधी टरफल सुटतच नाही. ते टोपरं ओढल्यासारखं पानांवर बसून राहतं आणि रोप आंधळ्यासारखं उभं राहतं.

साधना हे रोज बघायची. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचं काम तिच्याकडं होतं. कुठलं बी बाजारात जाईल आणि कुठलं परत जाईल हे तिच्या सहीनं ठरायचं, आणि सही करताना तिचा हात कधी अडला नव्हता. धड उगवलेलं, वाकडं उगवलेलं, मेलेलं, अशी तिची नजर सरळ वाटण्या करत जायची. मॅनेजर म्हणायचा, "मॅडमचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे."

एका दुपारी तिनं गुंडाळीच्याच कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं तो बाक काढला. मग त्याला खांदे दिले. खांद्यांना हात दिले. मानेच्या वर काहीच दिलं नाही. डोकं खाली, हातांत दिलं. काढून झाल्यावर तिनं कागद लांब धरला आणि तिला समजलं, की ही रेणुका आहे, आणि आता ही काही आपल्याला सोडायची नाही.

तिथून चित्रकादंबरी सुरू झाली. सगळी काळ्या शाईत. रंग एकच, शेंदराचा, तोही मोजक्या जागी.

रेणुकेची गोष्ट मराठी माणसाला सांगायला लागत नाही. वाळूचा घडा, सापाची चुंबळ, नदीत खेळणारा गंधर्व बघून क्षणभर ढळलेलं चित्त, जमदग्नीचा राग, पोराच्या हातातला परशू. मग पोरानं वर मागितला की आई उठावी आणि झालेलं तिला काही आठवू नये. साधनाला लहानपणापासून एकच शंका होती. घाव पडला आणि वर मिळाला, या दोहोंच्या मध्ये रेणुका कुठं होती? पोथी तेवढी जागा ओलांडून पुढं जाते. साधनाचं अख्खं पुस्तक त्याच फटीत घडत होतं. धड उठतं, आपलं डोकं उचलतं आणि चालू लागतं. जागी माणसं बघून पळतात, म्हणून ते झोपलेल्यांच्या स्वप्नांतून वाट काढतं. एका स्वप्नात कपाशीची बोंडं उकलतात आणि आत डोळे असतात. एका स्वप्नात कोरड्या विहिरीच्या तळाला उलटं वाढलेलं शहर असतं. लोखंडाच्या मिलमधल्या लालबुंद सळया भट्टीतून सापासारख्या सरपटत निघतात, आणि रेणुका त्यातलीच एक उचलून तिची चुंबळ करते. मागून जमदग्नी येत असतो. त्याला साधनानं माणूस म्हणून काढलंच नव्हतं. तो एक न विझणारा जाळ होता, ज्याच्या सावलीला दात होते.

दर स्वप्नाच्या शेवटी ती स्वप्न बघणाऱ्याच्या उशाशी बसते, डोकं मांडीवर घेते आणि विचारते, "तोंड कुणीकडं करू?"

आश्रमाकडं केलं, तर वर खरा होणार. डोकं धडाला लागणार, ती घरी जाणार, पण सगळं विसरणार. रानाकडं केलं, तर सगळं आठवत राहणार, पण डोकं कायमचं हातातच. उत्तर देणाऱ्यानं ते सांभाळून द्यायचं होतं. पुस्तकात कुणीच देत नव्हतं. शेवटचं पान त्या उत्तराचं होतं, आणि ते कोरं होतं.

कारण हा प्रश्न साधनानं रचलेला नव्हता. शाळेत असल्यापासून ती बाई तिच्या स्वप्नात येत होती आणि खाटेच्या कडेला बसून नेमकं हेच विचारत होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही कारण होतं. भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं तिच्या माहेरची वाडी. मळ्यात त्यांच्या घराण्याचं देवीचं थान. त्या थानाची परडी आत्याकडून भाचीकडं जायची. परडी म्हणजे आराधीण हातात घेते ती वेताची टोपली, आत हळदकुंकू आणि कवड्यांची माळ. आता ती साळूआत्याकडं होती. पुढची भाची देवीनंच निवडायची, स्वप्नात येऊन. मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही, असा दंडक. जिला दिसली तिनं आपण होऊन, थानापुढं, चारचौघींत तोंडानं सांगायचं. सांगितलं की परडी तिची. आणि त्यानंतर ते स्वप्न मिटलं. पुढं ते कुठं बोलायचं नाही, गायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

म्हणजे सांगितलं तर पुस्तक गेलं. आणि नाही सांगितलं, तर आत्यानंतर परडी थांबली. बियाण्याच्या ढिगाचा निकाल चहा निवायच्या आत देणारी साधना हा एक निकाल वर्षानुवर्षं पुढं ढकलत आली होती.

---

"ताई, पुण्याच्या प्रकाशनाच्या बाईंचा परत फोन आल्ता," प्रीती म्हणाली.

दोघी डबा खात होत्या. प्रीती साधनाच्या हाताखाली काम करायची, वयानं लहान, जिभेनं नव्हे. पुस्तकातली अक्षरं तिनं घातली होती आणि शेंदूरही तिनंच भरला होता, घरच्या कॉम्प्युटरवर.

"काय म्हणल्या?"

"शेवटचं पान आलं की छापायला लावते म्हणे. मी म्हणलं, मॅडम, आमचं शेवटचं पान म्हणजे जालन्याचं पाणी. येऊन राह्यलंय, येऊन राह्यलंय म्हणतात, अन् नळाला तोंड लावलं की नुस्ती हवा."

"काढू राह्यले मी."

"काढू न्हाई, खोडू राह्यलात. तुमची रबरं मीच आणून देते, मला म्हाईत न्हाई का?" प्रीतीनं भेंडीची फोड उचलली. "अन् एक सांगू का? काल ती माझ्या स्वप्नात आल्ती."

साधनाचा घास हातात राहिला. "कोण?"

"तुमची बाई. डोकं घेऊन. आमच्या घरात देवीबिवी काही न्हाई, बाबासाहेब अन् बुद्ध, बस. तरी आली. मी म्हणलं, बाई, राँग नंबर."

"मंग?"

"मंग काय, गेली. समजदार हाये." प्रीती हसली आणि मग हसणं आवरून म्हणाली, "पण ताई, जाताना लई थकल्यावानी दिसली. खरंच सांगते. पान काढून टाका."

तेवढ्यात साधनाचा फोन वाजला. वाडीवरून थोरला भाऊ, धर्मराज.

"साधे, पौर्णिमेला दुपारच्या आत ये. मांडव घातलाय."

"कशाचा मांडव, दादा?"

"आता कशाचा! परडीचा. तू सांगितलंस ना."

"मी काय सांगितलं?"

"तुझ्या मीनावहिनीनं मोबाइलवर दाखवलं की समद्या बायांला. ते तुझं चित्र, कोणीतरी पुण्याहून टाकलेलं. खाटेच्या कडंला देवी, मांडीत डोकं. अन् खाटेवर शाळेच्या ड्रेसात कोण? तू. वेण्या तुझ्याच, खाट बी आपलीच, त्या मोडक्या पायाची. वाडीतली केशरबाई बघूनच म्हणली, हिला दिसली. झालं की मंग."

"दादा, ती पुस्तकाची जाहिरात हाये."

"जाहिरात म्हणजे सांगणंच की! घरोघर सांगायचं ते एकदम सांगितलंस. केशरबाईनं तुला हिरवं लुगडं आणलंय. पुरणाचा घाट घातलाय. ये जल्दी."

"आत्या काय म्हणती?"

"आत्या काही बोलली न्हाई," धर्मराज म्हणाला. "शेंगा सोलू राह्यली."

फोन ठेवल्यावर साधनानं डब्याचं झाकण लावलं. चूक तिच्या ध्यानात आली होती, आणि तिच्यात कुणाला दोष देता येत नव्हता. बाईंनी विचारूनच ते पान टाकलं होतं. तिनंच होकार दिला होता. चित्र म्हणजे चित्र, असं तिनं धरलं होतं. तिकडं मळ्यात चित्र म्हणजे साक्ष झाली होती.

"मी येते संगं," प्रीती म्हणाली.

"तू कशाला?"

"अर्धी आई मी बी हाये पुस्तकाची. बारशाला न्हाई बोलावलं तर मयतीला तरी येऊ द्या."

---

आत्या घराच्या मागं, उन्हात पाट टाकून बसली होती. पुढं तुरीच्या शेंगांचा ढीग. अंगणात बायांचा कालवा चालला होता, पुरण शिजल्याचा वास गोठ्यापर्यंत येत होता, आणि आत्या जणू दुसऱ्याच कुणाच्या कार्याला आल्यासारखी निवांत दाणे काढत होती.

साळूआत्यावर दया यावी असं तिच्यात काही नव्हतं. नवऱ्यानं टाकली आणि ती माहेरी आली तेव्हा भावाच्या घरी भांडी घासणारी बहीण एवढीच तिची जागा ठरलेली होती. मग परडी तिच्याकडं आली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती कवड्यांची माळ घालून जोगवा मागायला निघू लागली, आणि ज्यांनी तिला ओसरीवर बसू दिलं नसतं ते पाटील उठून उभे राहू लागले. परडीनं तिला गाव मिळवून दिलं होतं. साधनाला हे चांगलं माहीत होतं. म्हणूनच शिकलेल्या माणसानं सहज म्हणावं तसं, 'हे सगळं जुनं झालं,' असं तिला परडीबद्दल कधी म्हणता आलं नव्हतं.

"ही कोण?" आत्यानं मान वर न करता विचारलं.

"प्रीती. लॅबमधी माझ्यासंगं असती. पुस्तकातली अक्षरं अन् रंग हिचा."

"शेंदूर तू दिला का ग?"

"हो आजी."

"बराबर दिला. लई जण नारिंगी करून टाकतात, सरबतावानी." तिनं हातानं जागा दाखवली. "बसा. सोला."

दोघी बसल्या, सोलू लागल्या. साधनानं घसा साफ केला.

"आत्या, गाव म्हणतंय मी सांगितलं म्हणून."

"गाव काय बी म्हणंल. चित्र म्हणजे बोल न्हाई. थानापुढं तोंडानं बोलावं लागतं. तोवर तू मोकळी."

"अन् मांडव?"

"मांडवाचं काय? बांबू धर्मराजाचे हायेत, देवीचे न्हाईत. सकाळी काढंल."

प्रीती खुदकन हसली. आत्याही हसली, पण हसता हसता तिनं हात पुढं केला. "दाखव ते. मीना लई लांबून दाखवती, मला दिसतच न्हाई."

प्रीतीनं मोबाइल दिला. आत्यानं तो दोन्ही हातांनी, परडीसारखा धरला. बराच वेळ बघितलं.

"ही बोलती का काही?"

साधनानं नवी शेंग उचलली.

"मी तुला दिसली का म्हणून विचारत न्हाई," आत्या म्हणाली. "चित्रातल्या बाईचं विचारू राह्यले. ते विचारायला बंदी न्हाई."

"विचारती," साधना म्हणाली. "तोंड कुणीकडं करू म्हणून."

"अगं बाई! हिला बोलता येतं?" आत्यानं मोबाइल मांडीवर ठेवला. "माझी तर इतक्या वर्षांत एक शब्द बोलली न्हाई. येती, चुलीम्होरं बसती, भाकर खाती, जाती. पाणी बी मागत न्हाई."

"तिचं डोकं जाग्यावर असतं?" साधनानं विचारलं. प्रयोगशाळेत विचारावं तसंच विचारलं.

"न्हाई तर भाकर कशानं खाईल?"

प्रीतीनं तोंडाला ओढणी लावली. साधनालाही हसू आलं, पण मग तिच्या ध्यानात आलं. "आत्या, हे तू सांगायला नको होतंस ना? सांगून झालं की मिटलं म्हणतात."

"पुढचीला सांगता येतं."

"मी पुढची झाले न्हाई अजून."

"न्हाई झालीस तर दुसरी कोण बसलीय हितं?" आत्या साधेपणानं म्हणाली. शेंगेची शीर ओढली, दाणे सुपात पडले. "मंग? चित्रातल्या बाईला काय जवाब दिला?"

"अजून काहीच न्हाई."

"कधीपासून?"

"शाळेत होते तवापासून."

आत्याचे हात थांबले. "एवढी वर्षं ती बाई डोकं हातात धरून बसलीय, अन् तू तिला जवाब दिला न्हाई? अगं, पावण्याला दारात उभं करून दळण दळत बसल्यावानी झालं हे! इतकी शिकली, रीत न्हाई शिकली."

"मला कळत न्हाई काय सांगावं," साधना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण भरभर येऊ लागला होता. "आश्रमाकडं म्हणलं तर जिवंत होती, पण समदं विसरती. पोरानं मारलं ते बी अन् गंधर्व पाह्यला ते बी. रानाकडं म्हणलं तर आठवतं, पण डोकं हातातच. दोन्हीकडून तिचंच नुकसान. मी कोणाच्या भरवशावर सांगू?"

सुपातले किडके दाणे वेचून आत्यानं कोंबड्यांकडं टाकले.

"मी माहेरी आल्ते तवा," ती म्हणाली, "नुस्ती लोकांची तोंडं बघायचे. कोण काय म्हणतंय, कोणाचं नाक मुरडलं. दिवसभर तेच. मंग पहिल्या मंगळवारी परडी घेतली अन् पांदीनं निघाले. माळ गळ्यात, परडी हातात, मान खाली. त्या दिवशी मला माझे पाय दिसले. म्हणलं, हे माझे पाय हायेत! लई चांगले पाय होते तवा."

साधनानं तिच्या पायांकडं बघितलं. टाचा भेगाळलेल्या, बोटं रुंद, मातीत पक्की टेकलेली.

"परडी घेतली तर पुस्तक बंद," ती हळू म्हणाली.

"बंद."

"अन् न्हाई घेतली तर?"

"तर शहागडला गंगेत, गोदामाईत सोडायची. माझ्या हातानंच सोडीन. माझ्या मागं ते काम कोणाच्या गळ्यात नको."

"तुला वाईट वाटंल?"

"वाटंल की. न्हाई वाटणार असं का म्हणू? माझ्या आत्याच्या आत्यापासून आलीय." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्यावरची सालं झटकली. "पण वाईट वाटलं म्हणून कोणी मरत न्हाई. मी तुला काही विचारत न्हाई, साधे. दिवस मावळायच्या आत हातपाय धू."

---

आत्या गेल्यावर साधनानं प्रीतीच्या मोबाइलवर सगळी पानं पहिल्यापासून काढली. वाचली नाहीत, फक्त डोकं बघत गेली. डोकं कुठं आहे, कुठल्या हातात, कुठल्या अंगाला वळलेलं. तिनं हे आजवर तपासलं नव्हतं. कधी वाटेकडं, कधी मागच्या जाळाकडं, कधी झोपलेल्या माणसाकडं. विहिरीतल्या त्या शहरात तर ते चारी दिशांना फिरत होतं. एका दिशेला मात्र ते एकदाही वळलं नव्हतं. इतकी पानं काढली, आणि रेणुकेनं आपलं धड बघितलेलंच नव्हतं.

"पेन्सिल दे," ती म्हणाली.

गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर फळी घेऊन तिनं काढायला सुरुवात केली. बसलेली बाई, समोरून दिसलेली. दोन्ही हात छातीच्या उंचीपर्यंत उचललेले. हातांत डोकं, कानांमागं अंगठे, लेकराचं तोंड आपल्याकडं वळवताना आई धरते तसं. चेहरा धडाकडं. बघणाऱ्याला दिसतात ते केस, अंबाड्यातून सुटलेले, आणि केसांपलीकडं मानेचा तो बाक, जरासा पुढं झुकलेला. आश्रम नाही, रान नाही. खाटेवरची मुलगी या वेळी झोपलेली नव्हती. ती उठून बसली होती.

रबर एकदाही लागलं नाही.

प्रीती वाकून बघत होती. "शेवटच्या पानावर हिरोईनचं तोंडच न्हाई? ताई, पुण्याच्या बाईंला फेफरं येईल."

"आपल्याला न्हाई दिसत. तिला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"आपण कुठून तुटलो ते."

प्रीतीची नेहमीची टर आली नाही. तिनं कागद जवळ ओढला आणि विचारलं, "मंग पुढं डोकं लागतं का धडाला?"

"लावायचं का न्हाई ते ती बघंल. आता तिला म्हाईत झालं कुठं लावायचं."

"शेंदूर कुठं भरू?"

साधनानं विचार केला. "कुठंच नको. हे पान काळंच राहू दे."

"वाचकाला काय वाटंल?"

"वाटू दे काय वाटायचं ते."

प्रीतीनं तिच्याकडं निरखून बघितलं. प्रयोगशाळेत ढिगावर सही करताना साधनाचा चेहरा असाच असायचा, सपाट आणि मोकळा. "ठरलं वाटतं तुमचं," प्रीती म्हणाली. साधनानं फळी खाली ठेवली आणि रांजणाकडं हातपाय धुवायला गेली. पाणी थंडगार होतं. बोटांत मुरलेली जुनी शाई मात्र निघाली नाही.

"ताई, चला की!" मीनावहिनी अंगणातून ओरडली. "बाया केव्हाच्या थांबल्यात. केशरबाईच्या लुगड्याची घडी मोडायचीय अजून!"

"वहिनी, लुगडं राहू द्या. ह्याच कपड्यावर येते."

"ह्या जीन्सवर?"

"देवीनं मला शाळेच्या ड्रेसात बी बघितलंय," साधना म्हणाली, आणि मीना डोळे मोठे करून तशीच उभी राहिली. थानाबाहेर का होईना, पण साधनाच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं होतं.

---

थान म्हणजे तुरीच्या शेतात पत्र्याचं छप्पर आणि खाली शेंदरानं माखलेला तांदळा, नुसतं मुख, धड जमिनीच्या आत. सूर्य गेला होता. तुरीच्या शेंड्यांवर चंद्र वर येऊ लागला होता, मोठा, मातकट. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, पुरुष बांधावर. चिंध्यांचा पोत पेटवला होता आणि तेलाचा वास सुटला होता. तांदळ्यापुढं परडी. साधनानं ती लहानपणी शेकडो वेळा पाहिली होती, पण आज तिची वीण तिला दिसली. कडेच्या तीन ठिकाणी वेत बदलून नवा घातलेला, तळाला मात्र जुना, काळा पडलेला, तुळतुळीत.

"उदो!" केशरबाईनं हाक दिली.

"उदो!" बाया म्हणाल्या.

साधना उभी राहिली. प्रीती मागं मीनाशेजारी बसली होती. तिथली कुणीही तिला ओळखत नव्हती, तरी तिच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू येऊन बसलं होतं.

"मला ती दिसते," साधना म्हणाली.

बायांत एक लाट उठली. कुणी हात जोडले, कुणी पदर डोळ्यांना लावला. धर्मराजानं बांधावरून छाती पुढं काढली.

मग तिनं सगळं सांगितलं. घाईनं नाही, गुळमुळीत नाही. शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना पहिल्यांदा आली ते. मोडक्या पायाच्या खाटेवर तिचं वजन पडायचं आणि खाट त्या बाजूला झुकायची ते. डोकं मांडीवर कसं असायचं, केस कसे ओले असायचे, नदीतून नुकतंच आल्यासारखे. ती काय विचारायची ते. त्यावर आपण काहीच बोलायचो नाही, हेही सांगितलं. आणि आज दुपारी तिला आपण जबाब दिला, गोठ्यामागं, पेन्सिलीनं, एवढं सांगून ती थांबली.

पोताचा जाळ फुरफुरला. आता पुढं काय व्हायचं ते लेकरालाही माहीत होतं. आत्या उठली. तिनं कवड्यांची माळ आपल्या गळ्यातून काढली, परडीत ठेवली, परडी दोन्ही हातांनी उचलली आणि साधनापुढं धरली. तिच्या तोंडावर प्रश्न नव्हता. विचारायची बंदी ती अजून पाळत होती.

साधनानं हात पुढं केले. परडीच्या काठाला लावले, आत्याच्या हातांवरून, तिच्या बोटांसकट. परडी दोघींच्या हातांत होती. वजन काहीच नव्हतं तिला. केशरबाईनं 'उदो'साठी तोंड उघडलं.

"थांबा, मावशी," साधना तिच्याकडं बघून म्हणाली. मग आत्याकडं वळली. आत्याच्या डोळ्यांत ज्वाळा हलत होती आणि तिची नजर सरळ होती, दुपारी शेंगांवर होती तशीच.

"शहागडला मी तुझ्यासंगं येईन, आत्या. पाण्यात संगं उतरू. न सांगता छापलं असतं तर चोरी झाली असती, म्हणून हितं सांगितलं. जे पाह्यलं ते मी छापणार हाये, माझ्या नावानं, समद्यांना दाखवणार हाये." तिचा आवाज बांधावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "परडी मी घेणार न्हाई."